मदत हवी आहे: गेरिटवर एका बदलाचे दोन झाले

मंडळी, ओपनस्टॅकच्या (क्लाउड उभारायचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर) डॉक्युमेंटेशनला कोणी हातभार लावलाय का इथे? मी मूळची कोडवाली, डॉक्सचं काम पहिल्यांदाच करतेय.

झालं असं, ओपनस्टॅक इन्स्टॉल करताना मेमकॅश्डपाशी (डेटा मेमरीत तात्पुरता ठेवणारी सेवा) अडले. ते मुळात फक्त १२७.०.०.१ वर, म्हणजे स्वतःच्याच मशीनवर ऐकतं, त्यामुळे कंट्रोलरचा (मुख्य मशीनचा) आयपी टाकल्याशिवाय बाकीच्या नोड्सना (मशीन्सना) ते सापडतच नाही. गाइडमध्ये ती ओळ आहे, पण मी घाईत ती ओलांडून गेले आणि अख्खा रविवार घालवला. म्हटलं, ती न टाकल्यास काय दिसतं हे दोन वाक्यांत लिहून टाकू.

ओपनस्टॅकला गिटहबवरची पुल रिक्वेस्ट चालत नाही, सगळं गेरिट या रिव्ह्यूच्या टूलमधून जातं, हे कळायलाच एक संध्याकाळ गेली. पाठवलं. रिव्ह्यूमध्ये −१ (म्हणजे ‘आधी सुधारा’) आला: वाक्यं छोटी करा, टीप वेगळ्या चौकटीत घाला. रास्तच होतं. मी दुरुस्ती केली, पण सवयीने नवा कमिट मारला, जुनाच अमेंड (दुरुस्त) केला नाही. आता चेंज-आयडी (गेरिट ज्यावरून बदल ओळखतं ती खूण) दोन, आणि दुसरा बदल पहिल्याच्या डोक्यावर बसलाय!

दोन्ही कमिट स्क्वॉश (एकत्र) करून पहिला चेंज-आयडी ठेवला, तर जुन्या बदलावरच नवा पॅचसेट (त्याच बदलाची पुढची आवृत्ती) चढेल ना? आणि दुसरा बदल ॲबँडन (रद्द) केला तर चालेल, की रिव्ह्यू करणाऱ्याला आधी कळवू?

अजून एक. असलं काम रेझ्युमेत कुठे लिहिता? आमचे लीड म्हणतात, ‘डॉक्स म्हणजे काय काम झालं का?’ मला तर कोडपेक्षा हेच जड गेलं.