विया एल साल्वादोर: वाळूतल्या वस्तीला आखीव नकाशा आणि स्वतंत्र नगरपालिका कशी मिळाली?

मृण्मयी_न
पेरूची राजधानी लिमा हिच्या दक्षिणेकडील विया एल साल्वादोर या भागाचा नकाशा मी नगररचनेच्या अभ्यासासाठी पाहत आहे. 1971 मध्ये बेघर कुटुंबांनी वाळवंटात वसवलेली वस्ती, असे तिचे वर्णन वाचायला मिळते. नकाशावर मात्र सरळ रस्ते आणि ठरावीक अंतरावर सारख्या आकाराच्या मोकळ्या जागा दिसतात. अतिक्रमणातून उभ्या राहिलेल्या वस्तीत ही आखणी कुठून आली? शिवाय लिमाची स्वतःची महानगरपालिका असताना येथे वेगळा महापौर कशासाठी? जाणकारांनी कृपया सांगावे.

वाळूघर
अतिक्रमण झाले ती जागा आणि वस्ती वसली ती जागा या दोन वेगळ्या आहेत. एप्रिल 1971 च्या अखेरीस काही कुटुंबांनी लिमातील पाम्प्लोना येथील जमिनीवर ठाण मांडले, पाहता पाहता तेथे हजारो कुटुंबे जमली, आणि मे महिन्यात पोलिसांशी झालेल्या संघर्षात एकाचा बळी गेला. त्यांची बाजू घेणारे बिशप लुइस बाम्बारेन यांना अटक झाली. त्याच सुमारास आंतर-अमेरिकी विकास बँकेची बैठक लिमात भरलेली असल्याने हुआन वेलास्को यांच्या लष्करी सरकारची मोठी पंचाईत झाली आणि या कुटुंबांना ताब्लादा दे लुरिनच्या ओसाड वाळूत, म्हणजे आजच्या विया एल साल्वादोरमध्ये, जागा देण्यात आली.

आखणी या स्थलांतरासाठी झाली. ती वास्तुरचनाकार मिगेल रोमेरो सोतेलो यांची. 24 भूखंडांचा एक ब्लॉक, असे 16 ब्लॉक मिळून एक निवासी गट, म्हणजे 384 भूखंड, आणि गटाच्या मधोमध मोकळी जागा. सरकारने भूखंड दिले, घरे नव्हेत. लोकांनी बोरूच्या चटयांच्या भिंती उभारल्या आणि टँकरचे पाणी पिंपांत साठवून दिवस काढले. आपल्याला दिसलेल्या त्या मोकळ्या जागांतच गटाच्या सभा भरत. ब्लॉकमधून प्रतिनिधी आणि गटातून समिती निवडत 1973 मध्ये ‘कुआवेस’ ही स्वयंशासित संघटना उभी राहिली. माझ्या मते या नकाशाचे खरे मोल येथे आहे: शेजाऱ्यांना एकत्र बसायला जागा मिळाली, म्हणून त्यांची संघटना टिकली.

जुना_नकाशा
दुसऱ्या प्रश्नाविषयी लिहितो. लिमा प्रांतात 43 जिल्हे आहेत. येथील ‘जिल्हा’ म्हणजे शहराचाच एक भाग, आणि प्रत्येकाला निवडून आलेला महापौर व परिषद असते. कचरा उचलणे, उद्याने सांभाळणे, दुकानांना परवाने देणे ही कामे जिल्ह्याकडे असतात, तर मोठे रस्ते व वाहतूक महानगरपालिकेकडे. पाणीपुरवठा मात्र सेदापाल या सरकारी कंपनीकडे आहे. विया एल साल्वादोर आधी विया मारिया देल त्रिउन्फो जिल्ह्यात होते आणि 1 जून 1983 रोजी वेगळे झाले. पहिले महापौर मिचेल अस्कुएता हे मूळचे स्पेनचे आणि पेशाने शिक्षक. त्यांच्या काळात रहिवासी संघटना आणि नगरपालिका हातात हात घालून चालल्या. लहान कारखानदारांसाठी औद्योगिक वसाहत आखली गेली (तेथील फर्निचर आज लिमाभर प्रसिद्ध आहे), आणि 1987 मध्ये या वस्तीला स्पेनचा प्रिन्स ऑफ अस्तुरियास पुरस्कार मिळाला.

सावली_दु
वरील माहिती योग्य आहे. तथापि वास्तुरचनाकार आणि महापौर यांच्यावरच ही हकिकत थांबू नये, असे मला मनापासून वाटते. सामुदायिक स्वयंपाकघरे आणि मुलांना दूध देण्याची योजना रोजच्या रोज चालवली ती स्त्रियांनी. त्यांच्या महासंघाच्या अध्यक्ष राहिलेल्या मारिया एलेना मोयानो पुढे उपमहापौर झाल्या. ‘शायनिंग पाथ’ या माओवादी सशस्त्र बंडखोर संघटनेने 14 फेब्रुवारी 1992 रोजी सशस्त्र बंद पुकारला असताना त्यांनी शांततेसाठी मोर्चा काढला, आणि दुसऱ्याच दिवशी त्या संघटनेने गोळ्या घालून व स्फोटकांनी त्यांची हत्या केली. त्या 33 वर्षांच्या होत्या.

अभ्यासासाठी आणखी एक सुचवते. लोमो दे कोर्विना या वाळूच्या टेकडीकडे नकाशावर अवश्य पाहावे. तेथे लोक नंतर येऊन राहिले, आणि मूळ भागातील चौकोनी शिस्त तेथे आढळत नाही.

मृण्मयी_न
सर्वांचे मनःपूर्वक आभार. गटांच्या सीमा आजच्या नकाशावर कशा ओळखाव्यात?

वाळूघर
पत्त्यांवरून. सेक्टर (म्हणजे अनेक गटांचा मिळून झालेला भाग), गट, ब्लॉकचे अक्षर आणि भूखंड क्रमांक, याच क्रमाने तेथील लोक आजही आपला पत्ता लिहितात.