पेंटाच्या कुपीत पारा: अमेरिकेने काढला, आपण का नाही?

रानवारा: जुलै २०२५मध्ये अमेरिकेचे आरोग्यमंत्री रॉबर्ट केनेडी ज्युनिअर यांनी फ्लूच्या लसींतूनही थायमेरोसाल, म्हणजे लसीत जंतू वाढू नयेत म्हणून घालतात ते पारा असलेलं द्रव्य, काढायला मान्यता दिली. तिथल्या लहान मुलांच्या बाकीच्या लसींतून ते २००१पर्यंतच गेलं. आपल्याकडे पेंटाच्या, म्हणजे बाळांच्या पाच रोगांवरच्या एकत्र लसीच्या, दहा डोसांच्या कुपीत अजून आहे. निर्धोक होतं तर काढलं कशाला? नव्हतं तर आमच्याच पोरांना का?

कोपरखळी: काढलं ते नुकसान सापडलं म्हणून नाही. १९९९मध्ये सहा महिन्यांपर्यंतच्या लसींतल्या पाऱ्याची बेरीज केली, ती १८७.५ मायक्रोग्रॅमपर्यंत गेली. तुलना केली मिथाइल पाऱ्याच्या मर्यादेशी, जो माशांतून पोटात जातो. लसीतला इथाइल पारा रक्तातून कितीतरी लवकर ओसरतो. ‘धोका दिसलेला नाही, पण काढा’ म्हटल्यावर लोक बिथरणारच! हे तिथल्या तज्ज्ञांनी स्वतःच ओढवून घेतलं.

रानवारा: रक्तातून ओसरला म्हणजे अंगातून गेला का? २००५चा माकडांच्या पिल्लांवरचा प्रयोग बघा. काहींना मिथाइल पारा दिला, काहींना लसीतला इथाइल. मेंदूत असेंद्रिय पाऱ्याचं, म्हणजे इथाइल-मिथाइलचा भाग सुटून उरलेल्या पाऱ्याचं, प्रमाण इथाइल गटातच जास्त निघालं, आणि तो तिथे ठाण मांडून बसतो.

कोपरखळी: त्याच प्रयोगात मेंदूतला एकूण पारा इथाइल गटात कमी भरला, ते सोयीस्कर गाळलंत. थायमेरोसालने मुलांना ऑटिझम (स्वमग्नता) होतो असं म्हणाल, तर डेन्मार्कने १९९२मध्ये थायमेरोसाल बंद केलं, तरी निदानं वाढतच गेली. कॅलिफोर्नियातही तेच.

भिंगरी: मी उपकेंद्रात लसी टोचते. गोवर-रुबेलाची लस कालवली की चार तासांत टाकून द्यायची, कारण तिच्यात जंतू रोखणारं काही नसतं. पेंटाची कुपी उघडल्याची तारीख-वेळ लिहून, थंड राखली तर चार आठवडे चालते. एका कुपीत दहादा सुई जाते हो! १९२८मध्ये ऑस्ट्रेलियात बुंडाबर्गला घटसर्पाच्या लसीच्या अशाच कुपीत जंतू वाढले, बारा मुलं दगावली. त्या कुपीत संरक्षक द्रव्य नव्हतं.

रानवारा: मग एकेका डोसाच्या कुप्या द्या ना. खासगीत पैसे मोजणाऱ्यांना मिळतातच.

भिंगरी: द्या की, माझी ना नाही. पण डोसामागे एक कुपी म्हणजे फ्रीजमध्ये कितीतरी जास्त जागा लागणार. आत्ताच दार लावताना कसरत होते. वर पाड्यावर लसीचा डबा खांद्याला लावून चालत जायचं, त्यात कुप्या मावणार किती?

रानवारा: ते पटतं. पण डोसात सुमारे १२.५ मायक्रोग्रॅम पारा असतो, हे बाळाच्या कार्डावर छापा. विचारलं की ‘काही नसतं त्यात’ म्हणून वाटेला लावतात.

कोपरखळी: छापा, पण कुठला पारा तेही छापा.