मदत हवी आहे : हाँगकाँगला चार सिऊ आणि सिऊ युक नीट कसं मागवायचं?

पाटावरवंटा :

नमस्कार मंडळी,

नवऱ्याची हाँगकाँगच्या वान चाय भागात कॉन्फरन्स आहे, मीही मागे लागून चाललेय. तो दिवसभर अडकलेला, म्हणजे दुपारचं जेवण माझं मी, एकटीने. ट्राम, डोंगर, बुद्ध वगैरे होईल तेव्हा होईल. मला दुकानांच्या काचेत आकड्यांना टांगलेलं ते भाजलेलं पोर्क मनसोक्त खायचंय : चार सिऊ (यातला 'चार' हा आकडा नाही, नावच आहे) म्हणजे पाक फासलेलं चकचकीत, आणि सिऊ युक म्हणजे कुरकुरीत कातडीचं.

अडचण अशी की आजवर हे फक्त सिंगापूरला बहिणीकडे गेले की खाल्लंय. ऑर्डर ती देते, बिल ती भरते, मी फक्त खाते. कँटनीजचा एक शब्द येत नाही. तर जाणकारांनी सांगा :

चार सिऊ कधी चकचकीत, रसाळ येतं, कधी नुसतं कोरडं. हा नशिबाचा भाग की मागताना काही सांगता येतं? तेच सिऊ युकचं. कधी वरची कातडी कुडुमकुडुम वाजते, कधी चावता चावत नाही. शिवाय एकटीला दोन्ही प्रकार खायचे तर दोन प्लेटा घ्याव्या लागतील का?

संध्याकाळी नवरा सोबत असेल. तो चिकन खातो, पोर्क अजिबात नाही. त्याचं त्याच दुकानात भागेल का?

(पोर्क खावं की खाऊ नये यावर कृपया वेगळा धागा काढा.)

कोलूनकर :

बरोब्बर ठिकाणी उतरताय. वान चायमध्ये या दुकानांना तोटा नाही.

आधी चार सिऊ. सोया सॉस, साखर, पंचमसाला, आंबवलेलं लाल टोफू असं काहीबाही चोळून मांसाच्या लांब पट्ट्या भट्टीत टांगून भाजतात आणि शेवटी माल्टचा घट्ट पाक फासतात. ती चकाकी त्या पाकाची. पट्टी खांद्याकडची, मधेमधे चरबी असलेली असेल तर रसाळ राहते. निव्वळ लाल मांसाची असेल तर वाळते. म्हणजे नशीब वगैरे काही नाही, सांगायचं. "बुन फेइ साऊ" म्हणा, म्हणजे अर्धी चरबी, अर्धं मांस. स्थानिक लोक असंच मागतात. काही न बोलता परदेशी माणूस उभा राहिला की चरबी नको असेल असं धरून सुका तुकडा कापतात, असा माझा अनुभव आहे. कडेचे किंचित करपलेले तुकडे आवडत असतील तर काचेतून बोट दाखवा. ते सगळ्यात आधी संपतात.

दोन प्लेटा मुळीच नकोत. एकाच भातावर दोन प्रकार घालून मिळतात, त्याला "सोंग पिंग" म्हणतात. चार सिऊ आणि सिऊ युक ही जोडी नेहमीचीच. साध्या दुकानात प्लेट 50 ते 70 हाँगकाँग डॉलरच्या आसपास पडते. रोख जवळ ठेवा, बऱ्याच जुन्या दुकानांत कार्ड घेत नाहीत. एकट्या असलात तर अनोळखी लोकांच्या टेबलावर बसवतील, बिनधास्त बसा. जेवण झालं की उठायचं, मागे लोक ताटकळत असतात.

नावंच हवी असतील तर वान चायमध्ये जॉय हिंग, चार सिऊसाठी. तिथेच कॅम्स रोस्ट गूज आहे, मिशेलिन तारा मिळालेलं, रांग लावायची तयारी असेल तर. पण तिथे गर्दी हंसासाठी असते. माझं विचाराल तर मंडईजवळचं, काचेपुढे आज्यांची गर्दी असलेलं कुठलंही दुकान धरा.

तव्यावरची भाकरी :

कोलूनकरांनी सिऊ युक माझ्यासाठी सोडलेलं दिसतंय. :)

पोटाकडचं थराथराचं मांस घेऊन कातडीला सुयांनी असंख्य भोकं पाडतात, मीठ आणि व्हिनेगर लावून ती खडखडीत वाळवतात आणि मग कडक आचेवर भाजतात. तेव्हा कातडी फुलून तिच्यावर बारीक बारीक फोड येतात. ती कुरकुरीत राहते ती कोरडी असेपर्यंतच. खालच्या मांसाची वाफ आणि हाँगकाँगची दमट हवा, दोन्ही मिळून काही तासांत तिची वाट लावतात. म्हणून रात्री आठला जाऊन सिऊ युक मागू नये. साडेअकराला जा. माल ताजा असतो आणि साडेबारा ते दोनची ऑफिसवाल्यांची झुंबडही टळते.

काचेतून नीट बघा. कातडी सोनेरी, खरबरीत, फोडाफोडांची दिसली तर घ्या. गुळगुळीत आणि तेलकट चमकत असेल तर त्या दिवशी चार सिऊवर समाधान माना. शेजारच्या गिऱ्हाइकासाठी सुरा चालत असेल तर कान द्या, ताज्या कातडीवर सुरा पडला की करकर आवाज येतो. आणि सॉस भातावर घालायला सांगा, सिऊ युकवर नको. सोबत पिवळी मोहरी देतात, ती जरूर लावा, चरबीला उतारा आहे.

मोठ्या कँटनीज रेस्टॉरंटात हेच छोट्या चौकोनी तुकड्यांत देखणं येतं. पण तिथे चहाचे माणशी पैसे लागतात, न मागता आलेल्या शेंगदाण्यांचेही लागतात, वर दहा टक्के सर्व्हिस चार्ज. मग बिल बघून दचकायचं नाही.

बाणावलीकर :

आमच्याकडे गोव्यात ख्रिस्ती लग्नांत डुकराचं आख्खं कोवळं पिल्लू भाजून मांडतात, तसंच तिथेही लग्नात असतं. कातडी बिस्किटासारखी पातळ. आख्खं अर्थातच आधी सांगून ठेवावं लागतं, पण काही ठिकाणी भातावर थोडं मिळतं. दिसलं तर सोडू नका. एप्रिलच्या सुरुवातीला जाणार असाल तर चिंग मिंग हा सण लक्षात ठेवा, तेव्हा लोक पूर्वजांच्या थडग्यांवर भाजलेलं डुक्कर घेऊन जातात, दुकानवाल्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते.

पाटावरवंटा :

सर्वांचे आभार! "बुन फेइ साऊ" पाठ करतेय, नवरा विचारतोय हा कुठला मंत्र. त्याच्या चिकनचं मात्र कुणीच सांगितलं नाही.

कोलूनकर :

राहिलंच. सोयात शिजवलेलं चिकन बहुतेक प्रत्येक दुकानात असतं. दुसरं पांढरं उकडलेलं, आलं आणि पातीच्या कांद्याच्या तेलकट चटणीसोबत. ते हाडाजवळ गुलाबी दिसतं, कच्चं समजून परत पाठवू नका.

पण कापायचा ओंडका एकच आणि सुराही एकच, पोर्कचाच. भातावरच्या सॉसमध्येही पोर्कचा रस असू शकतो. त्यांना नुसतं आवडत नसेल तर हरकत नाही. पाळत असतील तर तिथे बसवू नका. वान चायहून स्टार फेरीच्या बोटीने पलीकडच्या चिम शा त्सुईला जा, तिथल्या चुंगकिंग मॅन्शन्स या इमारतीत आपल्याकडचं जेवण मिळतं.

पाटावरवंटा :

पाळत नाही, नाटकं करतो. सोया चिकन ठरलं! शेवटचं, पार्सल घेऊन खोलीवर खाल्लं तर?

तव्यावरची भाकरी :

चार सिऊ खुशाल न्या, वजनावर मिळतं. भाव बहुधा कॅटीचा लिहिलेला असतो, म्हणजे साधारण 600 ग्रॅमचा, फलक बघून घाबरू नका. सिऊ युक मात्र डब्यात घालू नका, झाकणाखाली वाफ धरली की दहा मिनिटांत कातडी मऊ. न्यायचंच असेल तर झाकण उघडं ठेवून न्या आणि हॉटेल जवळ असेल तरच.