बिझनेस अ‍ॅनालिटिक्सची डिग्री घ्यावी की सरळ स्टॅटिस्टिक्स करावं?

पिंपळवाट (धागा सुरू करणारा)

नमस्कार मंडळी. पुण्यात नऊ वर्षं डेटा अ‍ॅनालिस्ट म्हणून काम करतोय, त्यातली चार वर्षं फ्रेशर्सचे इंटरव्ह्यू घेतोय, आणि आता राहवत नाही म्हणून लिहितोय. माझं मत असं की बीकॉम झालं म्हणून लाखो रुपये भरून 'बिझनेस अ‍ॅनालिटिक्स' (आकड्यांवरून धंद्याचे निर्णय घ्यायला शिकवणाऱ्या) नावाच्या कोर्सला पोरांना घालू नका. बारावीला गणित असेल तर बीएस्सी स्टॅटिस्टिक्स (संख्याशास्त्र) करा, जमलं तर एमएस्सी करा. एसक्यूएल, पॉवर बीआय, पायथन ही डेटा हाताळायची टूल्स घरी बसून येतात.

का म्हणतोय ते सांगतो. मी इंटरव्ह्यूत एक सोपा प्रश्न हमखास विचारतो. सोमवारी बाजार समितीत १,००० क्विंटल कांदा आला, भाव २,००० रुपये क्विंटल. मंगळवारी १०० क्विंटलच आला, भाव ३,०००. दोन दिवसांचा सरासरी भाव किती? बहुतेक जण पटकन २,५०० म्हणतात. मग मी विचारतो, शेतकऱ्यांना एकूण पैसे किती मिळाले? २३ लाख. माल किती? १,१०० क्विंटल. भागा आता. २,०९१ च्या आसपास येतं, म्हणजे क्विंटलमागे चारशेचा फरक.

मागच्या महिन्यात एक मुलगा आला होता, दोन वर्षांचा अ‍ॅनालिटिक्सचा मास्टर्स केलेला, लॅपटॉपवर डॅशबोर्ड इतका सुंदर की बघत राहावं. त्याला हाच प्रश्न विचारला तर म्हणाला, सर अ‍ॅव्हरेज टूल आपोआप काढतं. पोरगा मेहनती होता हो, डोळ्यांत दिसत होतं. कॉलेजने त्याच्याकडून साडेसात लाख घेतले आणि वजन दिलेली सरासरी (म्हणजे वरच्यासारखी, मालाच्या प्रमाणात भाव धरून काढलेली) शिकवली नाही, याचं मला फार वाईट वाटलं.

आणि ही चूक नवख्यांचीच असते असंही नाही. रेनहार्ट आणि रोगॉफ या नावाजलेल्या अर्थतज्ज्ञांनी २०१० मध्ये एक पेपर लिहिला, त्यात असं होतं की ज्या देशाचं सरकारी कर्ज जीडीपीच्या ९० टक्क्यांवर जातं तिथली सरासरी वाढ उणे ०.१ टक्के पडते. जगभरच्या नेत्यांनी खर्चात कपात करायला त्याचा आधार घेतला. २०१३ मध्ये थॉमस हर्नडन नावाच्या विद्यार्थ्याने त्यांची एक्सेल शीट मागवून तपासली तर सरासरीच्या फॉर्म्युल्यात पाच देश सुटले होते, काही वर्षांचा डेटा घेतलाच नव्हता, आणि न्यूझीलंडच्या एका वर्षाला ब्रिटनच्या १९ वर्षांइतकंच वजन दिलं होतं. दुरुस्त केल्यावर आकडा आला अधिक २.२. म्हणून म्हणतो, आधी पाया घाला.

कांदेनवमी

पिंपळवाट, तुमचा प्रश्न छान आहे पण निष्कर्ष मला अजिबात मान्य नाही, आणि तुम्ही कांद्याचंच उदाहरण घेतलंत म्हणून बोलतेच. माझं माहेर निफाड तालुक्यातलं, वडील अजून लासलगावला कांदा नेतात. मी बीकॉम करून एमबीए बिझनेस अ‍ॅनालिटिक्स केलंय, आता मुंबईत एका रिटेल कंपनीत डिमांड फोरकास्टिंगचं, म्हणजे कुठला माल किती खपेल याच्या अंदाजाचं काम करते.

आमच्या टीममध्ये एमएस्सी स्टॅट्स झालेला एक मुलगा आहे, गणितात माझ्यापेक्षा दहापट हुशार, हे मी मनापासून म्हणतेय. त्याने लासलगावचा जुना डेटा घेतला. त्यात दर महिन्याला एखादा दिवस रिकामा दिसत होता, तिथे त्याने शून्य भरलं, आणि ग्राफ दर महिन्याला खड्ड्यात जायला लागला. मग म्हणे यात मासिक पॅटर्न आहे. मी शेजारी बसून कॅलेंडर उघडलं आणि सांगितलं, अरे ही अमावस्या आहे, पूर्वी अमावस्येला तिकडे कांद्याचे लिलाव बंद असायचे. त्या दिवशी भाव शून्य नव्हता, त्या दिवशी बाजारच नव्हता!

दुसरं, त्याने उन्हाळ कांदा आणि लाल कांदा एकाच रकान्यात घातला होता. उन्हाळ कांदा चाळीत (कांदा साठवायच्या शेडमध्ये) महिनोन् महिने टिकतो, लाल टिकत नाही, शेतकरी तो काढला की विकतोच, त्यामुळे दोघांचा भाव वेगळ्या चालीने चालतो. आणि ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली तेव्हा भाव कोसळले ते कुठल्या मॉडेलने सांगितलं असतं? मागच्या पाच वर्षांच्या आवकेत दिल्लीचा निर्णय लिहिलेला नसतो.

धंदा कळणं हा पण पायाच आहे. आमच्या कोर्समध्ये सप्लाय चेन, मार्केटिंग, फायनान्स शिकवलं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मॅनेजरसमोर उभं राहून पाच मिनिटांत आपलं म्हणणं मांडायला शिकवलं. आणि तुमचा हर्नडन स्टॅटिस्टिक्सचा नव्हताच, तो अर्थशास्त्राचा विद्यार्थी होता. वर्गाच्या अभ्यासासाठी तो पेपर पुन्हा करून बघताना आकडे जुळेनात, म्हणून त्याने शीट मागवली.

गिरणगाव_ते_डेटा

मी सोलापूरचा, दोघांशीही असहमत. ना स्टॅट्स केलं ना एमबीए. बीकॉम करून एका चादरीच्या कारखान्यात अकाउंट्सला होतो, तिथे टॅलीतून डेटा काढून एक्सेलमध्ये पिव्होट लावता लावता गोडी लागली, रात्री एसक्यूएल शिकलो, दीड वर्षात पुण्यात नोकरी लागली. पण खरं सांगायचं तर त्या दीड वर्षात दीडशेच्या वर ठिकाणी अर्ज केले आणि बऱ्याच ठिकाणी डिग्रीच्या रकान्यातच गळलो, माझं काम कुणी बघितलंच नाही. म्हणून कांदेनवमीताई म्हणतात ते पटतं की डिग्री दार उघडते.

पण पिंपळवाट सर, "टूल्स घरी बसून येतात" हे तुम्ही फार सहज बोललात. ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडमध्ये कोविडच्या जवळपास १६,००० केसेस मोजणीतून गळाल्या, कारण लॅबचा डेटा एक्सेलच्या जुन्या एक्सएलएस फाइलमध्ये ओढत होते आणि त्यात ६५,५३६ च्या पुढे ओळी मावत नाहीत. त्या माणसांच्या संपर्कात आलेल्यांना वेळेवर कळवलं गेलं नाही. स्टॅट्स कितीही पक्कं असो, ही मर्यादा माहीत नसेल तर आकडा चुकणारच. टूल नीट शिकणं हे पण शिक्षणच आहे, त्याला कमी लेखू नका.

नव्या मुलांना एकच सांगतो, तो टायटॅनिक जहाजाच्या प्रवाशांच्या यादीवरचा ८९१ ओळींचा सरावाचा प्रोजेक्ट रेझ्युमेवर टाकू नका, सगळ्यांचा तोच असतो. आपल्या घरचं, आपल्या गल्लीतलं काहीतरी घ्या. मी सुताचा भाव आणि चादरीच्या ऑर्डरी घेतल्या होत्या, इंटरव्ह्यूत वीस मिनिटं त्याच्यावरच बोलणं झालं.

स्टॅट्सच्या_मॅडम

बावीस वर्षं कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवतेय त्यामुळे पिंपळवाट यांच्या बाजूने लिहीन असं वाटेल, अर्धंच लिहिते.

आपल्याकडे या विषयाची परंपरा मोठी आहे. कोल्हापूरचे व. शं. हुजूरबाजार यांनी पुणे विद्यापीठात संख्याशास्त्र विभाग उभा केला, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पां. वा. सुखात्मे जगभर गाजले. पण आज बीएस्सीच्या वर्गात काय होतं ते बघा. प्रॅक्टिकल म्हणजे जर्नल. पुस्तकातला तीस आकड्यांचा डेटा, कॅल्क्युलेटर, उत्तर मागच्या बॅचच्या जर्नलवरून. मुलांना टी-टेस्ट (दोन सरासऱ्यांतला फरक खरा की योगायोग हे तपासणारी चाचणी) करता येते पण कधी करायची नाही हे माहीत नसतं. पिंपळवाट म्हणतात तो पाया आमच्याकडेही प्रत्येकाचा घातला जात नाही हो, हे मी आतल्या गोटातून सांगतेय, आणि त्याची खंत आहे.

सुखात्म्यांचीच गोष्ट मी दरवर्षी पहिल्या तासाला सांगते. १९४० च्या दशकात देशात पीक किती येतं हे मोजायचा प्रश्न होता. शेतातला एक तुकडा यादृच्छिक निवडायचा, तेवढंच पीक कापून वजन करायचं, त्यावरून अंदाज बांधायचा. संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस लहान तुकडे घेत होते. सुखात्मे म्हणाले लहान तुकड्यात उत्पन्न फुगून दिसतं. का? कापणारा माणूस कडेवरचं रोप आत धरायचं की बाहेर अशा पेचात पडला की बहुतेक वेळा आत धरतो. तुकडा जितका लहान तितकी त्याची कड क्षेत्रफळाच्या मानाने मोठी, म्हणून चूकही मोठी. आता सांगा, हे संख्याशास्त्र आहे की शेतावर उभं राहून आलेलं शहाणपण? मला तरी ते वेगळं काढता येत नाही.

२०१५ मध्ये कोलकात्याची भारतीय सांख्यिकी संस्था, आयआयएम कलकत्ता आणि आयआयटी खरगपूर यांनी मिळून बिझनेस अ‍ॅनालिटिक्सचा दोन वर्षांचा कोर्स काढला, तो याच विचाराने. तिथे प्रवेश मिळाला तर डोळे झाकून जा. गल्लोगल्ली निघालेल्या नकलेला मात्र माझाही विरोध आहे.

डॅलसकर

परदेशाचा विचार करणाऱ्यांसाठी थोडक्यात. अमेरिकेत कोर्सचं नाव काय यापेक्षा आय-२० (कॉलेज व्हिसासाठी देतं तो फॉर्म) वरचा सीआयपी कोड, म्हणजे विषयाचा सरकारी क्रमांक, स्टेममध्ये (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) बसतो का ते आधी बघा. बसला तर शिक्षणानंतर १२ अधिक २४ असे ३६ महिने काम करता येतं, नाहीतर फक्त १२. 'बिझनेस अ‍ॅनालिटिक्स' हेच नाव असलेले दोन कोर्स वेगळ्या कोडचे असू शकतात. आमच्या रूमवर एकाला हे इथे आल्यावर कळलं, घर गहाण ठेवून आला होता. आणि पिंपळवाट, इथे मास्टर्स केलेल्या आम्हा लोकांना तो कोर्स नसता तर हा रस्ताच नव्हता, त्यामुळे सरसकट नको म्हणू नका.

टीवाय_बीकॉम

सर्वांना नमस्कार, मी नाशिकला टीवायला आहे आणि हा सगळा धागा दोनदा वाचला. माझी अडचण अशी की अकरावीलाच गणित सोडलं, त्यामुळे बीएस्सी स्टॅट्सचं दार बंद झालंय. घरी बाबा कर्ज काढायला तयार आहेत पण आई रात्री विचारते, एवढे पैसे फिटतील ना रे? तिला काय सांगू ते कळत नाही. मी आता नेमकं काय करू?

पिंपळवाट

@टीवाय_बीकॉम, आधी कर्जाची सही थांबव. घाई नाहीये. ज्या कॉलेजात जायचंय त्याचा अभ्यासक्रम मागव आणि बघ, प्रोबॅबिलिटी (शक्यतेचं गणित) आणि रिग्रेशनला (एका आकड्यावरून दुसऱ्याचा अंदाज) पूर्ण सेमिस्टर आहे की "टूल्स ओव्हरव्ह्यू" नावाच्या पेपरात चार तास दिलेत. शिकवणारे कायमस्वरूपी आहेत की शनिवारी येणारे पाहुणे? मागच्या बॅचच्या मुलांना स्वतः फोन करून विचार नोकरी कुठे लागली, कामाचं पद काय. ब्रोशरमध्ये 'अ‍ॅनालिस्ट' लिहिलेलं असतं आणि प्रत्यक्षात मुलगा क्रेडिट कार्ड विकत असतो, हे मी एकापेक्षा जास्त मुलांकडून ऐकलंय. तोपर्यंत स्वस्तातला रस्ता हवा असेल तर आयआयटी मद्रासची ऑनलाइन बीएस डेटा सायन्स बघ, २०२१ ला पहिली बॅच सुरू झाली, जेईई लागत नाही, आधी चार आठवड्यांचा अभ्यास करून पात्रता परीक्षा द्यावी लागते. दहावीला गणित-इंग्रजी असावं लागतं, तेवढं तुझ्याकडे आहेच.

@कांदेनवमी, अमावस्येचं वाचून दोन मिनिटं गप्प बसलो. खरं सांगतो, मी पण तिथे शून्य नाहीतर आदल्या दिवसाचा भाव भरला असता. इतकी वर्षं हा प्रश्न विचारतोय आणि लासलगावला कधी गेलो नाही. पण फीचं काय? धंदा कळायला साडेसात लाख लागतात हे मला अजून पटत नाही. तुम्हाला तो माहेरी फुकट कळला.

कांदेनवमी

माहेरी कांदा कळला, कंपनी नाही कळली. इन्व्हेंटरी टर्नओव्हर म्हणजे काय, मालाची मुदत संपली तर नुकसान कोणाच्या खात्यात जातं, हे मला कॉलेजात कळलं. मी सव्वातीन लाख भरले होते, शैक्षणिक कर्ज चार वर्षांत फेडलं, शेवटचा हप्ता गेला तेव्हा वडिलांना फोन करून रडले होते. म्हणून मला कोणी सरसकट "पैसे वाया" म्हटलं की लागतं. साडेसात लाख मात्र मीही भरू नका म्हणेन. सरकारी विद्यापीठाच्या विभागांत, जुन्या अनुदानित संस्थांत आधी प्रयत्न करा.

@टीवाय_बीकॉम, तू नाशिकचाच आहेस तर सोपं आहे. पणन मंडळाच्या साइटवर रोजची आवक, कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सर्वसाधारण दर असतो. एक वर्षाचं उतरव, दोन्ही सरासऱ्या काढ, मग एक सकाळ लिलावाला जाऊन उभा राहा.

टीवाय_बीकॉम

ताई, काल रात्री तीन महिन्यांचा डेटा उतरवला. पिंपळवाट सरांनी सांगितलं तसं आवकेने गुणून सरासरी काढली, साध्या सरासरीपेक्षा कमी आली. पण एक कळेना, काही दिवशी एकाच बाजाराच्या दोन ओळी आहेत, एक लाल, एक उन्हाळी, आणि उन्हाळीची आवक अगदी थोडी. दोन्ही मिळवून एक आकडा काढू की उन्हाळीची ओळ काढून टाकू?

कांदेनवमी

काढून टाकू नकोस आणि मिळवूही नकोस. वेगळे दोन रकाने कर. ती थोडी आवक म्हणजे चाळीत शेवटपर्यंत थांबलेल्या शेतकऱ्यांचा माल आहे. शनिवारी मी माहेरी आहे, आईला विचारून लासलगावला ये, बाबांबरोबर लिलावात उभे राहू.

पिंपळवाट

शनिवारी मलाही सुट्टी आहे. चालत असेल तर पहाटे पुण्याहून निघतो. लिलाव किती वाजता सुरू होतो?