नाकाच्या प्लास्टिक सर्जरीनंतरची सूज कधी ओसरते?

प्रश्न : माझ्या धाकट्या बहिणीच्या नाकाची शस्त्रक्रिया पुढील महिन्यात ठरली आहे. तिला कामावर जाण्याजोगे व्हायला किती काळ लागेल, हे कृपया जाणकारांनी सांगावे.

उत्तर : डोळ्यांभोवतीची सूज आणि काळेनिळेपणा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असतो, नाकावरचे स्प्लिंट (आधारासाठी बसवलेली कडक पट्टी) साधारण आठवड्याने निघते आणि बहुतेक जण १ ते २ आठवड्यांत बैठ्या कामावर रुजू होतात. नाक शिंकरू नये. शिंक आलीच तर तोंड उघडे ठेवावे.

उत्तर : बहीण चष्मा वापरत असेल तर डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा, कारण त्याचा भार काही आठवडे नाकावर पडता कामा नये. नाकाच्या शेंड्याची सूज मात्र वर्षभरही रेंगाळते. स्प्लिंट निघताच आरशासमोर निकाल लावण्याची घाई व्यर्थ आहे.

उत्तर : रक्तस्राव थांबेना किंवा ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.