विडी-सिगारेट कधीही न ओढलेल्या आईला सीओपीडी : पंप, गोळ्या आणि ऑक्सिजन यांविषयी विचारणा

वणीकर :

माझी आई ६२ वर्षांची असून यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावी राहते. तिने विडी, सिगारेट किंवा तंबाखू यांपैकी कशालाही कधी हात लावलेला नाही. मात्र लग्न झाल्यापासून सारा स्वयंपाक पऱ्हाट्या, तुराट्या आणि गोवऱ्यांच्या चुलीवर केला. आता घरी गॅस आहे, तरी अंघोळीचे पाणी आणि भाकरी चुलीवरच होतात. काही वर्षांपासून तिला सकाळी खोकला व कफ असतो आणि थोडे चालले तरी धाप लागते. गावातील डॉक्टर दमा समजून डेरिफायलिनच्या गोळ्या देत असत आणि त्रास वाढला की इंजेक्शन देत असत.

अलीकडे नागपुरात स्पायरोमेट्री, म्हणजे यंत्रात जोराने फुंकून करायची श्वासाची चाचणी, केली. श्वासनलिका मोकळ्या करणारे औषध दिल्यानंतरही एफईव्ही१ (पहिल्या सेकंदात जोराने सोडलेली हवा) व एफव्हीसी (एका दमात सोडलेली एकूण हवा) यांचे गुणोत्तर ०.५६ आणि एफईव्ही१ अपेक्षित मूल्याच्या ४८ टक्के आले, त्यावरून सीओपीडीचे, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होणाऱ्या दीर्घकालीन आजाराचे, निदान झाले. बसलेल्या स्थितीत रक्तातील ऑक्सिजन ९३ टक्के असतो. फॉर्मोटेरॉल (श्वासनलिका मोकळ्या करणारे औषध) आणि ब्युडेसोनाइड (सूज कमी करणारे औषध) असलेल्या कॅप्सूल रोटाहेलरने, म्हणजे कॅप्सूलमधील पूड श्वासावाटे ओढण्याच्या यंत्राने, घेण्यास सांगितले आहे. परंतु पंप एकदा लागला की सुटत नाही, असे म्हणून आई तो घेण्यास तयार नाही. धूम्रपान न करता हा आजार कसा होतो, गोळ्यांवर भागणार नाही का, आणि नातेवाईक सुचवतात त्याप्रमाणे ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारे यंत्र) घरी आणावा का, हे कृपया सांगावे.

छातीविकार चिकित्सक :

आपल्या देशात हा आजार केवळ धूम्रपान करणाऱ्यांचा नाही. २०१६ सालच्या आकडेवारीवर आधारलेल्या राष्ट्रीय अभ्यासानुसार भारतात सीओपीडीचे सुमारे साडेपाच कोटी रुग्ण होते, आणि या आजारामुळे होणाऱ्या आरोग्यहानीत घरातील व बाहेरील हवेच्या प्रदूषणाचा वाटा निम्म्याहून अधिक, तर तंबाखूचा साधारण एक चतुर्थांश होता. बंद स्वयंपाकघरातील चुलीच्या धुरात अतिसूक्ष्म कण एका घनमीटरमागे शेकडो मायक्रोग्रॅम असतात, स्वयंपाक चालू असताना त्याहूनही अधिक. जागतिक आरोग्य संघटनेने चोवीस तासांसाठी सुचवलेली मर्यादा १५ मायक्रोग्रॅम आहे. हे कण बारीक श्वासनलिकांपर्यंत पोहोचतात, तेथे वर्षानुवर्षे सूज राहते आणि नलिकांच्या भिंती जाड व कडक होतात. श्वास आत घेता येतो, पण पूर्ण बाहेर सोडता येत नाही. म्हणून हवा अडकून राहते आणि धाप लागते.

दम्यात औषधानंतर नलिका बऱ्याच अंशी मोकळ्या होतात. तुमच्या आईंचे गुणोत्तर औषधानंतरही ०.७० पेक्षा कमी राहिले आहे, आणि एफईव्ही१ ३० ते ४९ टक्क्यांच्या दरम्यान असल्यामुळे अडथळा तीव्र गटात मोडतो. झालेली हानी पूर्ववत होत नाही. मात्र धाप कमी करणे आणि वारंवार होणारी बिघाडाची आवर्तने टाळणे नक्कीच शक्य असते.

आता पंपाविषयी. साल्ब्युटामॉल या श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या औषधाच्या ४ मिलिग्रॅमच्या एका गोळीत जेवढे औषध असते, तेवढ्यात १०० मायक्रोग्रॅमचे ४० पफ होतात. गोळीतले औषध रक्तातून सर्व शरीरभर जाते, पंपाचे थेट श्वासनलिकेत जाते, म्हणून त्याची मात्रा इतकी कमी पुरते. पंपाचे व्यसन लागत नाही. तो रोज घ्यावा लागतो कारण आजार दीर्घकालीन आहे. रक्तदाबाची गोळी रोज घेताना आपण असा संशय घेत नाही. डेरिफायलिनमधील थिओफायलिनची उपयोगी मात्रा आणि अपायकारक मात्रा यांत अंतर फार थोडे असते. छातीत धडधड, मळमळ, झोप न लागणे हे त्रास त्यातूनच होतात, आणि सिप्रोफ्लोक्सासिनसारखे प्रतिजैविक सोबत दिले तर रक्तातील प्रमाण आणखी वाढते. इंजेक्शनांमध्ये स्टेरॉइड होते का, याची चौकशी करावी. बिघाड झाला असता पाच दिवसांचा छोटा कोर्स योग्य ठरतो, पण ऊठसूट घेतलेल्या स्टेरॉइडने हाडे ठिसूळ होतात आणि रक्तातील साखर वाढते.

कॉन्सन्ट्रेटर सध्या घेऊ नये. धाप लागणे आणि ऑक्सिजन कमी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विश्रांतीच्या स्थितीत रक्तातील ऑक्सिजनची संपृक्तता ८८ टक्के किंवा त्याहून कमी राहत असेल, तरच दिवसातून किमान १५ तास दिलेल्या ऑक्सिजनने आयुष्य वाढते. ९३ टक्क्यांवर तो खर्च व्यर्थ आहे. शिवाय काही रुग्णांत गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजनमुळे कार्बन डायऑक्साइड साठतो, म्हणून बिघाडाच्या वेळीही लक्ष्य ८८ ते ९२ टक्क्यांचेच ठेवतात.

चूल मात्र थांबलीच पाहिजे. पाणी तापवण्याची चूल अंगणात हलवावी आणि ती आईंनी पेटवू नये. औषधाइतकेच हे आवश्यक आहे.

फिजिओथेरपिस्ट ताई :

वरील उत्तराला एक जोड देते. रोटाहेलर चुकीच्या पद्धतीने वापरणारे इतके रुग्ण भेटतात की औषध लागू पडत नाही, ही तक्रार ऐकल्यावर मी प्रथम त्यांना माझ्यासमोर तो वापरून दाखवायला सांगते. कॅप्सूल गिळून टाकणारेही असतात! आधी श्वास पूर्ण बाहेर सोडावा, पण यंत्रात फुंकू नये. मग जोराने आणि खोलवर आत ओढून जमेल तेवढा, साधारण दहा सेकंद, श्वास रोखावा. नंतर चूळ भरून टाकावी. आईंना इतक्या जोराने ओढणे जमत नसेल, तर स्पेसर (औषधाचा फवारा आधी साठवणारी पोकळ नळी) लावलेला पंप डॉक्टरांना विचारून घ्यावा, कारण त्यात श्वास सावकाश घ्यायचा असतो.

दुसरे म्हणजे, धाप लागते म्हणून अनेक बायका हालचालच बंद करतात आणि पायांचे स्नायू दुबळे झाल्यामुळे धाप आणखी लवकर लागू लागते. रोज ठरवून सपाट रस्त्यावर चालणे, धाप लागली की ओठ आवळून सावकाश श्वास सोडणे, आणि पायांचे साधे व्यायाम यांनी रुग्णाची दमछाक ज्या प्रमाणात कमी होते, त्या प्रमाणात या उपचाराला आपल्याकडे महत्त्व दिले जात नाही, याची खंत वाटते.

एक वाचक :

आईंना पूर्वी क्षयरोग झाला होता का? माझ्या काकांचाही दमा म्हणून बरीच वर्षे उपचार झाला. प्रत्यक्षात जुन्या क्षयामुळे श्वासनलिका रुंदावल्या होत्या आणि कफ तेथे साचत होता.

वणीकर :

सर्वांचे आभार. होय, माझ्या लहानपणी आईने क्षयाची औषधे पूर्ण घेतली होती. नागपुरात मात्र ते सांगायचे राहून गेले. कफ रोज निघतो, कधी पिवळसर असतो.

छातीविकार चिकित्सक :

मग ही माहिती तातडीने तुमच्या डॉक्टरांना द्यावी. बरा झालेला क्षयही फुप्फुसांत व्रण आणि श्वासनलिकांचा कायमचा विस्तार मागे ठेवू शकतो, आणि त्यामुळेही स्पायरोमेट्रीत असाच अडथळा दिसतो. चुलीचा धूर आणि जुना क्षय ही दोन्ही कारणे एकाच स्त्रीत असणे आपल्याकडे मुळीच दुर्मीळ नाही. छातीचा सीटी स्कॅन करावा की नाही, हे ते ठरवतील. थुंकीची क्षयासाठी सीबीनॅट (क्षयाच्या जंतूंचा जनुकीय अंश शोधणारी) तपासणी आणि इतर जंतूंसाठी कल्चर (जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) मात्र करून घ्यावे.

याचा संबंध कॅप्सूलशीही आहे. ब्युडेसोनाइड हे श्वासावाटे घ्यायचे स्टेरॉइड असून त्याने न्यूमोनियाची शक्यता काहीशी वाढते; क्षयाचा पूर्वेतिहास असेल तर ते अधिक विचारपूर्वक द्यावे लागते. रक्तातील इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या) पेशी दर मायक्रोलिटरमागे ३०० किंवा त्याहून अधिक असतील आणि वारंवार बिघाड होत असेल, तर त्याचा लाभ स्पष्ट असतो. त्या १०० पेक्षा कमी असतील, तर फॉर्मोटेरॉलसोबत ग्लायकोपायरोनियम किंवा टायोट्रोपियम (स्टेरॉइड नसलेली, श्वासनलिका मोकळ्या ठेवणारी औषधे) हा पर्याय सहसा अधिक योग्य ठरतो. हा बदल स्वतःहून करू नये. चालू औषध बंद न करता रक्ततपासणीचा अहवाल घेऊन जावे. त्याच भेटीत इन्फ्लुएन्झा आणि न्यूमोकोकस यांच्या लसींविषयीही विचारावे. मधल्या काळात ओठ निळसर दिसले, बोलताना वाक्य पूर्ण होईना, गुंगी येऊ लागली किंवा कफात रक्त आले, तर भेटीच्या तारखेची वाट न पाहता रुग्णालयात न्यावे.