पेडल स्टील गिटार: मांडी घासते, घोटा दुखतो; उंची कशी जुळवायची?

जालनाकर
मंडळी, दहा तारांची पेडल स्टील गिटार आहे (चार पायांवर आडवी, बसून वाजवायची; पेडल आणि लिव्हर दाबून तारांचा स्वर बदलतो), ई-नाईन ट्यूनिंग (तारा जुळवायची एक पद्धत), तीन पेडल, पाच नी-लिव्हर (गुडघ्याने ढकलायच्या दांड्या). माझी उंची 5 फूट 11 इंच. 43 सेंमीच्या प्लास्टिक खुर्चीवर बसलो की खांदे वर चढतात. 50 सेंमीच्या स्टुलावर डावी मांडी वर दाबायच्या लिव्हरला घासते. चारही पायांखाली एकेक इंचाचे ठोकळे दिले. मांडी सुटली, पण ए आणि बी हे शेजारचे दोन पेडल एकत्र दाबताना डावा घोटा अर्ध्या तासात भरून येतो. ठोकळे वाढवू की बैठक बदलू?

तारकरी_नांदेड
भाऊ, आधी ते ठोकळे काढा. पेडलची आडवी पट्टी पुढच्या दोन पायांवरच बसलेली असते. ठोकळ्याने गिटारीबरोबर पेडलही इंचभर वर गेले आणि टाच मात्र फरशीवरच राहिली. म्हणून पंजा जास्त वर वळतो आणि नडगीचा स्नायू ताणतो.

सुरुवात बैठकीपासून करा. तुमच्या उंचीला 48 सेंमी धरून बघा. गुडघा कमरेच्या किंचित खाली हवा. हे माप बसल्यावर घ्यायचं, कारण फोम 2-3 सेंमी सहज दबतो. हात असलेली खुर्ची नकोच, कोपर अडतं. पोट साधारण बाराव्या ते पंधराव्या फ्रेटसमोर येईल असं बसा.

मग गिटार. बार (तारांवर सरकवायचा पोलादी दांडा) तारांवर ठेवून खांदे सैल सोडा. हात कोपरापासून मनगटापर्यंत जमिनीला समांतर आले पाहिजेत. मांडी आणि वर दाबायच्या लिव्हरमध्ये बोटभर जागा राहू द्या. तेवढी राहत नसेल तर गिटार उचलायची, पण पायाच्या *वरच्या* टोकाला, म्हणजे पाय आणि बॉडी यांच्यामध्ये, जोड देऊन. तसं केल्यावर पेडलची पट्टी जागेवर राहते.

इथे बरेच जण फसतात. बॉडी इंचभर वर गेली की पेडल रॉडही (पेडलला बॉडीशी जोडणाऱ्या सळ्या) वर ओढले जातात आणि पेडलचं टोक पुन्हा उंच होतं. म्हणून रॉड तेवढेच लांब करा. काही गिटारींत रॉडचा स्क्रू सैल करून लांबी वाढवता येते, नाहीतर नवे रॉड करून घ्यावे लागतात. पेडल पूर्ण दाबल्यावर त्याच्या टोकाखाली किमान 12 मिमी राहू द्या. फरशीला टेकलं तर ओढ अर्धवट राहते: ए दाबूनही पाचवी तार बी वरून सी-शार्पपर्यंत पोचत नाही, आणि माणूस उगाच ट्यूनिंगचे नट पिळत बसतो.

नी-लिव्हर सगळ्यात शेवटी. आधी बसवले तर सगळं दुसऱ्यांदा करावं लागेल.

लेथवाला_वाळूज
वरचा जोड कुठल्याही लेथवर होतो, फक्त आट्यांकडे लक्ष द्या. अमेरिकन बनावटीत बहुधा इंचाचे आटे असतात. 5/16 इंच, इंचाला 18 आटे असतील तर व्यास 7.94 मिमी, म्हणजे एम-8 (8 मिमीचा मेट्रिक बोल्ट) सारखाच दिसतो. पण आट्यांचं अंतर 1.41 मिमी, आणि एम-8 चं 1.25. एम-8 चा बोल्ट एक-दोन फेरे जातो, मग अडतो. पान्याने जोर केलात की बॉडीतले आटे गेले, आणि ते दुरुस्त करणं महागात पडतं. जुना पाय बरोबर न्या, पिच गेजने (आट्यांचं अंतर मोजायचं साधन) मोजून घ्या. चारही जोड एका मापाचे हवेत.

जालनाकर
समजलं. गुडघा आणि नी-लिव्हर यांच्यात किती अंतर ठेवू? आणि उजवा गुडघा डाव्यापेक्षा उंच राहतो, ते चालतं का?

तारकरी_नांदेड
पेडलवर पाय ठेवून गुडघा सैल सोडा, दोन्ही बाजूंना 1 ते 2 सेंमी. ए पेडल दाबून गुडघा डावीकडे नेऊन पाहा. टाच उचलली गेली तर लिव्हर गुडघ्यापासून दूर आहे. काहीच न दाबता चौथी-आठवी तार चढी लागली तर फारच जवळ आहे.

उजवा पाय व्हॉल्यूम पेडलवर (आवाज कमी-जास्त करायचा वेगळा पेडल) असल्यामुळे तो गुडघा उंच राहणारच. त्या बाजूचे लिव्हर घासत असतील तर बुटका व्हॉल्यूम पेडल घ्या, बैठक कमी करू नका.

परभणीकर
एक गोष्ट राहिली. देवळातल्या कार्यक्रमात चपला-बूट बाहेर राहतात. घरी 2 सेंमी तळव्याच्या बुटावर सगळं जुळवलं असेल तर तिथे टाच 2 सेंमी खाली जाते आणि घोटा परत ताणतो. अनवाणी वाजवणार असाल तर मापही अनवाणीच घ्या, किंवा टाचेखाली तेवढ्या जाडीचा रबरी तुकडा बरोबर ठेवा. आणि जुन्या शहाबादी फरशीवर एक पाय हमखास सांध्यात जातो, गिटार डुलते. गिटार मांडून झाली की चारही कोपरे एकदा दाबून बघा.